बाबांनी विणलेला लगाम

आमची घोडी नाचायची. भंडाऱ्यात तेव्हा वरातीच्या पाच-सहा घोड्या असतील, पण "नाचणारी पाहिजे" म्हणणारी माणसं आमचीच घोडी मागायची. बँड सुरू झाला की ती मान वर फेकायची, पुढचे पाय आळीपाळीने उचलायची, तोंडाला फेस यायचा. बायका एकमेकींना कोपर मारून म्हणायच्या, "पाह्य व, कशी ठेका धरून राहिली!" बाबा पुढे दोरी धरून चालायचे आणि नवरदेवापेक्षा त्यांचीच छाती जास्त फुगलेली असायची. मी मागून खोगिरावर लक्ष ठेवत चालायचे. खोटं कशाला सांगू, मलाही भारी वाटायचं.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. आम्ही विणकर. घरात दोन माग होते. त्यातला एक कधीचा बंद पडला होता आणि आई त्यावर गोधड्या वाळत घालायची. दुसरा महिन्यातून पंधरा दिवस चालायचा. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसण्यात बाबांचं सगळं आयुष्य गेलं, त्यात उजवा गुडघा कामातून गेला. बसून राहिलो तर वेडा होईन म्हणत ते एका यात्रेला गेले आणि घोडी घेऊन आले. विकणाऱ्याने सोबत लगाम दिला होता, तोंडात जाणाऱ्या लोखंडी दांडीला बारीक काटे असलेला. आणि एक युक्तीही दिली होती. बँड वाजला की दोरीला दोन झटके द्यायचे, की घोडी नाचते. बाबांनी चार वर्षं इमानेइतबारे झटके दिले.

गुडघ्यामुळे बाबांना घोडीवर बसता येत नव्हतं. ते काम माझ्याकडे आलं. बी. ए. होऊन मी घरीच होते, बाबांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायचे आणि सकाळी घोडीला वैनगंगेवर फिरवून आणायचे. मुलीच्या जातीने घोडीवर बसावं का, यावर गल्लीत बरंच बोलणं व्हायचं. माझ्या जिभेला हाड नसल्यामुळे ते माझ्या समोर मात्र व्हायचं नाही. घोडी वळवायची तर लगाम ओढायचा, थांबवायची तर दोन्ही हातांनी ओढायचा, एवढंच मला येत होतं. ती थांबायची, पण उशिरा थांबायची. मी तिला आडमुठी म्हणायचे.

आईचं आणि घोडीचं पटत नव्हतं. कारण सकाळचा गोठा. घोडी तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, खायची आणि अर्धं चावून थुंकून द्यायची. रोज सकाळी तिच्या पुढ्यात ओले, चघळलेले बोळे पडलेले असायचे. आई खराटा घेऊन यायची आणि सुरू व्हायची. "पाह्य, कशी माजली! तोंडचा घास टाकून देते. चार घरं उपाशी ठेवून हिले घातलं तरी हिचं हेच." कधी खराट्याचा एक फटकाही द्यायची. मी आईच्याच बाजूने असायचे. अन्न टाकणारं जनावर मलाही आवडत नव्हतं.

एप्रिलमध्ये एका वरातीनंतर दुसऱ्या दिवशी मी तिला नदीवर धूत होते. पाण्यात पडलेला फेस गुलाबी दिसला. तिच्या ओठाला हात लावला तर तिने मान अशी झटकली की मीच पाण्यात बसले. घरी येऊन बाबांना सांगितलं. ते कांडीवरची नजर न काढता म्हणाले, "वरातीतलं कुंकू लागलं असन." मी म्हटलं, "कुंकू तोंडाच्या आतून येते काय बाबा?" आई आतून ओरडली, "घोडीले राहू दे, या पोरीच्याच तोंडाले लगाम पायजे होता." पण दुपारी आम्ही घोडी घेऊन गुरांच्या दवाखान्यात गेलो.

जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा बदल्यांचा जो गोंधळ उडाला, त्यात पलीकडचा एक डॉक्टर आमच्या वाट्याला आला होता. बारीक, अबोल माणूस. त्याने घोडीची जीभ हळूच बाजूला ओढून धरली आणि बाबांना म्हणाला, "इकडे या. बघा." बाबांनी वाकून पाहिलं, मीही पाहिलं. जिभेच्या मधोमध आडवी खाच पडली होती. पुढचे दात संपतात आणि दाढा सुरू होतात त्या मधल्या जागेत, जिथे लोखंड बसतं, तिथे हिरडी फाटून आतलं पांढरं दिसत होतं. त्याच्या शेजारी जुन्या, भरून आलेल्या जखमांचे वण होते.

"ही नाचते ना?" डॉक्टरने विचारलं.

"हो जी," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात सवयीने थोडा अभिमान आलाच.

"नाचत नाही हो ती. दुखतं म्हणून पाय उचलते."

डॉक्टर नंतर बरंच काही बोलला. जखम भरेपर्यंत कोरडं काही द्यायचं नाही, भिजवलेला कोंडा आणि कोवळं गवत घाला. तोंडात लोखंड घालू नका, आता नको आणि पुढेही नको. त्याऐवजी नाकाच्या हाडावर रुंद, मऊ पट्टा बसवा आणि दोऱ्या त्याला बांधा. खाली नाकपुडीजवळच्या मऊ भागावर पट्टा येऊ देऊ नका, तिचा श्वास अडेल. मी सगळं लक्षात ठेवत होते, कारण बाबा ऐकत नव्हते. ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. संध्याकाळी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले आणि धोटा हातात घेतलाच नाही. मला त्यांचा राग आला होता आणि दयाही आली होती, आणि दोन्ही एकदम आलं की मी भांडी आपटते. त्या दिवशी मी बरीच आपटली.

चार दिवसांनी बँडवाला आला. गावातल्या वराती त्याच्या हातात असायच्या. कोणत्या लग्नाला कोणाची घोडी, हे तोच ठरवायचा. बाबांनी त्याला सगळं सांगितलं. त्याने चहा संपवला आणि म्हणाला, "बिना लगामाची घोडी मी वरातीत घेत नाई जी. फटाके फुटते, लेकरं पायात येते. कोणाले लागलं तर मी काय सांगू?"

त्याचं काही चुकत नव्हतं आणि मला त्याचाच जास्त राग आला. बाबांनी त्याच्याकडे एक वरात मागितली, एकच. त्याने रिकामा कप बशीत उपडा ठेवला. मग म्हणाला, "तीन आठवड्यांनी एक आहे. रस्ता लहान आहे. थे नीट निघाली तर ठीक. नाई तर तो लाखनीवाला कधीचा विचारून राहिला, त्याले देऊन टाका."

लाखनीवाल्याच्या दोन्ही घोड्या मी पाहिल्या होत्या. दोघींच्या तोंडात तसलाच काटेरी लगाम होता. वराती मिळाल्या नाहीत तर घोडी आम्हाला पोसवणार नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे त्या एका वरातीत काही बिघडलं, की घोडी लाखनीला जाणार आणि लोखंड पुन्हा तिच्या तोंडात जाणार. बाबा मला एवढंच म्हणाले, "तोंड भरून येईन तिचं. अन् मंग तिथे जाऊन पुन्हा फाटन."

दुसऱ्याच दिवशी ते मागावर बसले. घोडीच्या नाकाचं माप त्यांनी धाग्याने घेतलं, कपाळाचं, गालाचंही घेतलं आणि धाग्याला गाठी मारून ठेवल्या. चार बोटं रुंद पट्टी विणायची, ती दुहेरी शिवायची आणि आतून जुन्या लुगड्याचं अस्तर लावायचं, असं त्यांचं ठरलं. दोऱ्याही सुताच्याच विणायच्या होत्या.

तोवर मी साध्या म्होरकीवर घोडी फिरवत होते. म्होरकी म्हणजे डोक्याला अडकवायचा नुसता दोर, तोंडात काही नाही. पहिल्या दिवशी नदीकाठाने घोडी बरी चालली. मग वरच्या रस्त्यावर एका ट्रकने भोंगा वाजवला आणि ती उधळली. मी दोन्ही हातांनी दोर ओढला. ती आणखी जोरात पळाली. मी मागे रेलून, दात-ओठ खात ओढलं, तशी ती आणखीच पळाली. शेवटी हातांतली ताकद संपली आणि दोर ढिला पडला. दहा-बारा पावलांवर ती थांबली आणि गवत खाऊ लागली.

मी खाली उतरले आणि तिथेच मातीत बसून रडले. थांब म्हणायला मी ओढत होते आणि ओढणं म्हणजे दुखणं, एवढंच तिला चार वर्षांत शिकवलं गेलं होतं. दुखण्यापासून ती पळत होती आणि मी तिला आडमुठी म्हणत होते. त्या दिवसापासून मी उलटं सुरू केलं. थांबायचं असलं की आधी मोठा श्वास सोडायचा, अंग जड करून बसायचं, "होऽऽ" म्हणायचं आणि दोर सैल करायचा. आठवड्याभरात ती नुसत्या श्वासावर थांबायला लागली. वळायचं असलं की मी त्या बाजूला बघायचे, ती वळायची. इतकी हलकी घोडी माझ्या मांडीखाली कधीच नव्हती. येताना मी मोठ्याने गाणी म्हणायचे आणि घाटावर धुणं धुणाऱ्या बायका हसायच्या.

इकडे लगाम तयार झाला. देखणा झाला होता, ताठ आणि चकचकीत. बाबांनी घालून पाहिला तेव्हा पट्टा थोडा खाली आला. घोडीची नाकपुडी फेंदारली, तसा मी डॉक्टरचा शब्द काढला आणि आम्ही तो दोन बोटं वर सरकवला. मग बाबांनी तो गोठ्यातल्या खुंटीवर कौतुकाने टांगला. वरातीला आठ दिवस उरले होते.

सकाळी मी गोठ्यात गेले तर खुंटीवर नुसता नाकाचा पट्टा होता. दोऱ्या नव्हत्या. घोडीच्या ओठातून वीतभर सूत लोंबत होतं आणि ती डोळे मिटून चघळत होती.

ही चूक विणकराच्याच घरात व्हायची. ताण्याच्या उभ्या सुताला तांदळाच्या पिठाची खळ दिल्याशिवाय बाबांचा हात मागावर जायचाच नाही. लगामाच्या सुतालाही त्यांनी सवयीने दोनदा खळ दिली होती, म्हणून तो इतका ताठ होता. घोडीच्या दृष्टीने आम्ही तिच्या नाकासमोर दोन हात लांब पापड टांगून ठेवला होता. आई पदर तोंडात कोंबून हसली, मग पदर सोडून हसली. बाबा कपाळाला हात लावून म्हणाले, "बिना खळीचं सूत मी जिंदगीत नाई विणलं व." मी म्हटलं, "मंग तिले सांगा, जेवण झालं आता."

पण हसू लगेच विरलं. एवढं सूत पोटात अडकलं तर? मी सायकल काढून डॉक्टरकडे पळाले. तो म्हणाला, पाणी पाजा, फिरवा आणि लीद पडते की नाही ते बघा. दिवसभर आम्ही तिघं घोडीच्या शेपटीखाली डोळे लावून बसलो. तिन्हीसांजेला लीद पडली, सुतासकट. आईने देवापुढे दिवा लावला आणि वर दोन उदबत्त्या लावल्या.

बाबांनी पुन्हा विणायला घेतलं, बिनखळीचं. धागा सारखा तुटायचा. ते एक तुटका धागा जोडायचे, एक शिवी द्यायचे आणि पुढे जायचे. मी जन्मात त्यांच्या तोंडून इतक्या शिव्या ऐकल्या नव्हत्या. वरातीच्या आदल्या दिवशी नव्या दोऱ्या पूर्ण झाल्या. मऊ, जरा केसाळ, दिसायला पहिल्यापेक्षा वाईट. घोडीने हुंगल्या आणि तोंड फिरवलं.

नवरदेव प्राथमिक शाळेत शिक्षक होता. बुद्धविहाराच्या मैदानात मांडव होता आणि वरात पाच वाजता निघायची होती. घोडी सजवून झाल्यावर मी दोरी बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती परत माझ्या हातात दिली. "माझा हात झटका देते व," ते म्हणाले. "बँड वाजला की देतेच. तू धर." आणि ते लंगडत मागे, माझ्या नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले.

नवरदेवाच्या बहिणीने ताटलीतून भिजलेली चण्याची डाळ घोडीपुढे धरली. ही रीत आहे. आधी घोडी त्यातली निम्मी खाली सांडायची आणि म्हाताऱ्या नाक मुरडायच्या. आज तिने ताटली चाटूनपुसून स्वच्छ केली. नवरदेव वर चढला. वाकून माझ्या कानात म्हणाला, "ताई, हिचा ब्रेक कुठी आहे?"

"मीच ब्रेक आहे," मी म्हटलं. "तुमी फक्त पडू नका."

बँडवाला बाजूने चालत होता, पण नजर सगळी घोडीच्या नाकावर. बँड वाजू लागला. घोडीने कान हलवले आणि चालू लागली, नुसती चालू लागली. भांड्यांच्या दुकानांपर्यंत सगळं ठीक होतं. तिथल्या वळणावर कोणीतरी फटाक्यांची लड पेटवली, ती उडून थेट घोडीच्या पायांपुढे पडली.

ती गर्रकन फिरली. दोरी माझ्या हातात ताठ झाली. नवरदेवाने हार-बिर सोडून आयाळ धरली, फेटा त्याच्या डोळ्यांवर आला. दुकानापुढे रचलेल्या पितळी हंड्या एकेक करून रस्त्यावर गडगडल्या. बायकांनी लेकरं ओढून घेतली. बँड थांबला आणि बँडवाला ओरडला, "ओढ व पोरी, ओढ!" मागून दहा माणसं ओरडली, ओढ, ओढ. माझी मूठ आवळलेली होती. अंगातली ताकद न ताकद ओढ म्हणत होती. मला लाखनी दिसत होती.

मी श्वास सोडला. "होऽऽ" म्हटलं आणि मूठ उघडली.

दोरी लोंबली. घोडी आणखी एकदा फिरली, अर्धीच, आणि उभी राहिली. सगळं अंग थडथडत होतं. मग तिने पाऊल पुढे टाकलं आणि कपाळ माझ्या छातीवर टेकवलं. तिचा गरम श्वास माझ्या पोटाला लागत होता. माझा जीव भांड्यात पडला. वरून फेट्याखालून आवाज आला, "झालं का जी?" आणि सगळी वरात हसली.

बँड पुन्हा सुरू झाला. घोडी शांत चालत होती. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात नवरदेवाचा मामा पुढे आला. त्याने चार पावलं घोडीचे पाय न्याहाळले आणि मोठ्याने विचारलं, "नाचणारी म्हून सांगतली होती ना? नाचत काहून नाई?"

बँडवाल्याने बाबांकडे पाहिलं. तब्येत बरी नाही, म्हातारी झाली, काहीही सांगता आलं असतं. मी तोंड उघडलंही होतं. पण बाबा लंगडत पुढे आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "थे कधीच नाचत नव्हती जी. तिच्या तोंडात काटे होते अन् मी झटके मारत होतो. दुखत होतं तिले. मले चार वर्षं समजलं नाई."

वरून नवरदेवच म्हणाला, "नाई नाचली तेच बरं झालं मामा. मी पडलो असतो." पोरं हसली आणि घोडीच्या वाटचं ती पोरंच नाचली, मांडवापर्यंत.

मैदानाशी नवरदेव उतरल्यावर बँडवाला घोडीजवळ आला. पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं, दोरी चिमटीत धरून पाहिली. "कापडावर थांबली?"

"सुतावर," बाबा म्हणाले.

"अक्षय तृतीयेले दोन आहेत. हाच घालून आणा." दोन पावलं जाऊन तो वळला. "लाल रंगाचा नाई होत का?"

लाखनीचं नाव निघालं नाही. घरी येईपर्यंत बाबा तीनदा म्हणाले, "लाल काहून नाई होत, होते की." मी इतकी हलकी झाले होते की आईशी एकदाही भांडले नाही. तोंड भरून आलं आहे, आता कोरडं द्यायला हरकत नाही, असं डॉक्टरने सांगितलं होतं. त्या संध्याकाळी जवळजवळ चार आठवड्यांनी पहिल्यांदा आम्ही घोडीपुढे तणीस टाकली.

सकाळी मी उठले तेव्हा आई खराटा घेऊन गोठ्यात उभी होती. झाडत नव्हती. तिने वाकून घोडीच्या पुढ्यात पाहिलं, मग कोपऱ्यात पाहिलं, पेंढीमागे पाहिलं. जमीन कोरडी होती. एक बोळा नाही, एक काडी नाही. घोडी शेवटचा घास चावत होती आणि ते करकर चावणं आम्ही दोघी पहिल्यांदाच ऐकत होतो.

आईने खराटा भिंतीला टेकवला. घोडीच्या गालावर हात ठेवला.

"रोज सकाळी तू सांगत होतीस व माय," ती म्हणाली. "अन् मी रोज झाडून टाकत होती."